कोणत्या वयात कोणता प्रश्न: करिअर मार्गदर्शन समजून घेताना

'पुढे काय करावं कळत नाही.' हे वाक्य चौदा वर्षांची मुलगी बोलते, नुकतीच पदवी मिळालेला तरुण बोलतो, पंचेचाळिशीतला व्यवस्थापक बोलतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईही बोलतात. शब्द तेच, पण प्रत्येकाचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडलेलं असतं. चौदाव्या वर्षी कामांचं जग फारसं पाहिलेलंच नसतं. पंचेचाळिशीत ते पाहून झालेलं असतं, पण कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणं आणि वीस वर्षांत कमावलेलं नाव सोडवत नाही. या दोघांना एकच कल चाचणी देऊन एकाच छापाचा अहवाल हाती ठेवला तर दोघांच्याही पदरी काही पडत नाही. मार्गदर्शनातल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

या विषयाची पद्धतशीर सुरुवात १९०८ साली बॉस्टनमध्ये झाली. फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र तिथे उघडलं. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: स्वतःची नीट ओळख, कामांची नीट माहिती आणि या दोन्हींची सांगड घालणारा विचार. आजही चांगल्या मार्गदर्शनात हे तिन्ही भाग असतात. पुढे १९५० च्या दशकात डोनाल्ड सुपर यांनी आयुष्यभराच्या टप्प्यांची मांडणी केली: वाढ, शोध, स्थिरावणं, टिकवणं आणि हळूहळू बाहेर पडणं. या टप्प्यांतून माणूस पुन्हा पुन्हा जाऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. नोकरी गेली, कामात खंड पडला किंवा अख्खं क्षेत्रच बसलं, तर चाळिशीतला माणूसही परत 'शोध'च्या टप्प्यावर येतो. त्यामुळे पुढे दिलेली वयं ढोबळ समजा. आपला टप्पा जन्मतारखेवरून ठरवू नका, आपण कशामुळे अडलोय त्यावरून ठरवा.

आधी अडलंय कुठे ते पाहा

इतामार गाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये करिअरच्या निर्णयातल्या अडचणींचं वर्गीकरण मांडलं. त्यात तीन मोठे गट आहेत. पहिला, निर्णयाची तयारीच नसणं: इच्छा नाही, एकूणच ठरवता येत नाही, किंवा 'एकच अचूक करिअर असतं आणि ते मला सापडलंच पाहिजे' यासारखा चुकीचा समज आहे. दुसरा, माहितीचा अभाव: स्वतःबद्दल, पर्यायांबद्दल किंवा निर्णय कसा घेतात याबद्दल. तिसरा, माहिती आहे पण ती एकमेकींशी जुळत नाही: मन एक सांगतं आणि घरचे दुसरं, किंवा आवड एकीकडे आणि गुण दुसरीकडे.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. कागदावर 'मला ठरवता येत नाही, कारण' एवढं लिहा आणि हे वाक्य दहा वेगवेगळ्या प्रकारे पूर्ण करा. पहिली तीन-चार कारणं पाठ केल्यासारखी येतात. खरी कारणं सहसा त्यानंतर उमटतात. 'माहीत नाही' या धाटणीची वाक्यं जास्त असतील तर माहिती गोळा करायला लागा. 'घरचे म्हणतात', 'पण दुसरीकडे' अशी जास्त असतील तर आणखी माहितीने काही सुटणार नाही, घरच्यांशी समोरासमोर बसून बोलावं लागेल. 'चुकलं तर', 'लोक काय म्हणतील' हीच वाक्यं भरली असतील तर मुळात भीती आहे. अशा माणसाला दहा नवे पर्याय दाखवले की तो जास्तच गोंधळतो. त्याला मागे फिरता येईल असं एक लहान पाऊल दाखवावं लागतं, आणि साध्यासाध्या निर्णयांतही हेच होत असेल तर मानसिक आरोग्याच्या समुपदेशकाची मदत घ्यावी.

शाळेचं वय: चाचणी कशी वाचायची

साधारण तेरा ते सतरा या वयात पालक सगळ्यांत आधी चाचणीकडे धावतात. चाचणी वाईट नसते, पण ती काय मोजते हे कळलं नाही तर तिचा अहवाल डोक्यावर बसतो. अभिरुची चाचणी काय आवडतं ते विचारते. अभियोग्यता चाचणी आकडे, भाषा, आकृत्या, तर्क यांत आज हात किती चालतो ते मोजते. व्यक्तिमत्त्व चाचणी स्वभाव टिपते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. गाण्याची आवड असणं आणि गळा असणं यांत जो फरक, तोच पहिल्या दोहोंत.

अभिरुचीसाठी जॉन हॉलंड यांची सहा प्रकारांची मांडणी सर्वाधिक वापरली जाते: हातांनी-यंत्रांनी करायची कामं, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि नोंदी-नियमांची पद्धतशीर कामं. हे सहा प्रकार षट्कोनावर याच क्रमाने बसवले तर शेजारचे एकमेकांच्या जवळचे असतात आणि समोरासमोरचे सगळ्यांत लांबचे. म्हणजे हातकाम आणि सामाजिक, शोधक आणि उद्यमी, कलात्मक आणि पद्धतशीर या जोड्या एकमेकींपासून दूर. मुलाच्या पहिल्या दोन आवडी शेजारच्या निघाल्या तर दोन्ही भागवणारं काम सहज सापडतं. समोरासमोरच्या निघाल्या तर एकाच नोकरीत दोन्ही मिळणं अवघड, मग एक आवड कामात आणि दुसरी कामाबाहेर जपावी लागते. त्यात काही बिघडत नाही, फक्त ते आधी माहीत असावं. अमेरिकेच्या श्रम विभागाच्या 'ओ-नेट' या संचातली याच मांडणीवरची ६० विधानांची चाचणी इंटरनेटवर फुकट मिळते. तिच्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

सगळ्याच प्रकारांत कमी आणि जवळजवळ सारखे गुण आले तर पालक घाबरतात, 'याला कशातच रस नाही' म्हणतात. या वयात त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्याने फार थोडी कामं जवळून पाहिली आहेत. जी गोष्ट कधी हाताळलीच नाही तिच्यापुढे 'आवडेल' अशी खूण मूल कशी करणार? त्याच्यावर उपाय म्हणजे वर्षभरात चार-पाच वेगवेगळी कामं प्रत्यक्ष दाखवणं. दुसरी चाचणी देऊन काही हाती लागत नाही.

आवडी कधी स्थिर होतात, यावर एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे. अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये झालेल्या विश्लेषणात असं दिसलं की किशोरवयात आवडींची स्थिरता फारशी वाढत नाही. ती १८ ते २२ या काळात झपाट्याने वाढते आणि पुढची साधारण वीस वर्षं टिकते. म्हणून चौदाव्या वर्षीच्या अहवालावरून एकच दार उघडं ठेवून बाकीची बंद करणं घाईचं ठरतं. त्या वयात निवड करावीच लागत असेल तर जिथून नंतर जास्तीत जास्त वाटांवर जाता येईल अशी करावी.

अभियोग्यतेचे आकडे वाचताना पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत होते. ७० पर्सेंटाइल म्हणजे ज्या गटाशी तुलना केली त्यातले सुमारे ७० टक्के मुलं तुमच्या मुलाच्या मागे. शंभरपैकी सत्तर गुण असा त्याचा अर्थ नाही. हा गट कोणता होता, हे विचारायलाच हवं. प्रत्येक मापनात चूक असते, त्यामुळे ६२ आणि ६८ यांत फरक आहे असं समजून 'गणितापेक्षा भाषेत पुढे' हा निष्कर्ष काढू नये. २५ आणि ८० यांत मात्र नक्की काहीतरी आहे. चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत नसेल तर भाषिक तर्काचा आकडा खाली येतो आणि बिचारं मूल 'ढ' ठरतं. ताप, अपुरी झोप किंवा परीक्षेनंतर थकल्या अंगाने दिलेली चाचणी धरू नये.

बोटांच्या ठशांवरून किंवा हस्ताक्षरावरून करिअर सांगणाऱ्यांपासून दूर राहा. ठसे गर्भातच तयार होतात आणि त्यांच्या रेषांवरून कल किंवा क्षमता कळते याला शास्त्रीय आधार नाही. हस्ताक्षराबद्दल तर थेट आकडा आहे: निवड पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हस्ताक्षर-विश्लेषण आणि पुढची कामगिरी यांचा संबंध ०.०२ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). शून्य म्हटलं तरी चालेल. त्याच आढाव्यात प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या चाचणीचा आकडा ०.५४ होता. नंतरच्या संशोधनात असे काही आकडे बरेच खाली आले, तरी मुद्दा कायम आहे. एखादं काम आपल्याला जमेल का, हे ते थोडंसं करून पाहिल्यावर बरंच कळतं.

शिक्षण संपताना: माहिती कुठून आणायची

या टप्प्यावर चाचण्या बाजूला ठेवा आणि जाहिराती वाचा. हव्या असलेल्या पदाच्या २० जाहिराती गोळा करून एक तक्ता बनवा. प्रत्येक ओळीत एक कौशल्य किंवा अट, आणि ती किती जाहिरातींत आली त्याचा आकडा. पंधरा-सोळा जाहिरातींत दिसणारी गोष्ट अत्यावश्यक. आठ-दहात दिसणारी असेल तर फायदा. दोन-तीनमध्येच दिसणारीसाठी आत्ता अभ्यासक्रमाला पैसे भरू नका. या एका संध्याकाळच्या कामाने कितीतरी महागडे आणि बिनकामाचे अभ्यासक्रम टळतात. 'आधी कोर्स करू, मग बघू' या क्रमाने गेलेल्यांची फसगत होते ती याच जागी: प्रमाणपत्र हाती येतं आणि मग कळतं की तिथे भरती दुसऱ्याच गोष्टीवर होते.

त्यानंतर माणसांना भेटा. किमान तिघं: त्या कामात दोन वर्षं झालेला, दहा-बारा वर्षं झालेला आणि ते काम सोडून गेलेला. तिसऱ्याला बहुतेक लोक विसरतात, त्यामुळे टिकलेल्यांचीच बाजू कानावर पडते. वीस मिनिटं मागा आणि वीस मिनिटांत उठा. 'हे क्षेत्र कसं आहे?' असं विचारलं तर भाषण ऐकायला मिळतं. त्याऐवजी 'काल सकाळपासून काय काय केलंत?' असं विचारा. कंटाळवाणा भाग आठवड्यात किती तास असतो, आज नव्याने सुरुवात करायची झाली तर आत कसे शिराल, कोणत्या प्रकारचा माणूस इथे वर्षभरात निघून जातो, हे विचारा. या भेटीत नोकरी मागू नका; मागितली की माणूस सावध होतो आणि खरं बोलणं थांबतं. शेवटी 'आणखी कोणाशी बोलू?' एवढं मात्र जरूर विचारा.

हा शेवटचा प्रश्न इतका मोलाचा का, ते मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या निबंधातून कळतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की त्या काळात ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. 'वारंवार' म्हणणारे फक्त १६.७ टक्के होते, 'अधूनमधून' ५५.६ आणि 'क्वचित' २७.८ टक्के. रोजच्या मित्रांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं, दूरच्या ओळखीतून नवी बातमी येते. दोन कोटी लिंक्डइन वापरकर्त्यांवरचे प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतही मध्यम-सैल, म्हणजे फार जवळच्याही नाहीत आणि फार दूरच्याही नाहीत अशा ओळखीच सर्वांत उपयोगी दिसल्या. सगळ्यांत सैल ओळखी मात्र तेवढ्या कामी आल्या नाहीत. तेव्हा जुने वर्गमित्र, आधीच्या ठिकाणचे सहकारी, कार्यशाळेत भेटलेले लोक यांना निःसंकोच लिहा.

पहिली काही वर्षं

इथे एकच सवय सांगण्यासारखी आहे: दर महिन्याच्या शेवटी पंधरा मिनिटं बसून काय केलं, किती केलं आणि त्याने काय बदललं ते लिहून ठेवणं. मुलाखतीत किंवा पगारवाढीच्या बोलण्यात 'मी खूप मेहनत केली' याला वजन नसतं, 'अहवाल तीन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागला' याला असतं. दोन वर्षांनी हे आठवून लिहायचं म्हटलं तर निम्मं निसटलेलं असतं.

नोकरी नकोशी झाली तर राजीनाम्याआधी नकोसं नेमकं काय झालंय ते वेगळं करा. काम, साहेब, संस्था की पगार? साहेबामुळे त्रास असताना अख्खं क्षेत्र सोडणारे बरेच असतात, आणि कामच आवडत नसताना तेच काम दुसऱ्या कंपनीत करायला जाणारेही. साहेब ही अडचण असेल तर आधी अंतर्गत बदली मागून पाहावी.

चाळिशीच्या आसपास क्षेत्र बदलताना

या वयात सल्ला देणारे सहसा दोनच गोष्टी सांगतात: 'मनाचं ऐका' किंवा 'आता कुठे, राहू द्या.' दोन्ही सल्ले हिशोब न करता दिलेले असतात.

आधी काय सोडवणार नाही ते ठरवा. एडगर शाइन यांनी जहाजाच्या नांगरावरून करिअरच्या 'नांगरां'ची कल्पना मांडली: माणूस अडचणीतही जी गोष्ट हातची जाऊ देत नाही ती. त्यांच्या यादीत आठ आहेत: तज्ज्ञता, व्यवस्थापन, स्वायत्तता, सुरक्षितता, स्वतःचं काहीतरी उभं करणं, सेवा, निव्वळ आव्हान आणि जीवनशैली. मधल्या वयातली बरीच घुसमट इथून येते. तज्ज्ञतेत रमणाऱ्या माणसाला बढती म्हणून व्यवस्थापक करतात, पगार वाढतो, आणि ज्या कामासाठी तो सकाळी उठायचा ते काम बैठकांमध्ये हरवतं. त्याला क्षेत्र बदलायची गरज नसते, परत हातचं काम मिळवून देणारं पद हवं असतं.

खरंच बदलायचं असेल तर शक्यतो एका वेळी एकच बदला, भूमिका किंवा क्षेत्र. कारखान्यातल्या लेखापालाला रुग्णालयात लेखापाल होणं तुलनेने सोपं असतं, आणि तिथे स्थिरावल्यावर रुग्णालय प्रशासनात सरकणंही. कारखान्यातला लेखापाल थेट रुग्णालय प्रशासक व्हायला गेला तर त्याचा कुठलाच अनुभव मोजला जात नाही आणि तो नवख्यांच्या रांगेत उभा राहतो.

आता पैशाचा हिशोब. घरचा महिन्याचा खर्च १०० धरा आणि सहज मोडता येणारी बचत ९००. अभ्यासक्रम चार महिन्यांचा, त्याचा खर्च १५०. नंतर नोकरी शोधायला तीन महिने लागतील असं वाटतंय; ते सहा धरा, कारण हा अंदाज जवळजवळ नेहमी कमी पडतो. नव्या कामातून पहिल्या वर्षी महिन्याला ६० च मिळतील, म्हणजे दरमहा ४० ची तूट. नोकरी आजच सोडली तर लागतील १५० अधिक दहा महिन्यांचे १००० अधिक तुटीचे ४८०, एकूण १६३०. बचत ९००. अंग थेट ७३० नी उघडं पडतं. हाच अभ्यासक्रम नोकरी सांभाळून संध्याकाळी केला आणि शोधासाठी तेवढी सोडली तर १२३०, अजूनही कमीच. शोधही नोकरीत राहूनच केला तर लागतात फक्त ६३०, आणि हाताशी २७० उरतात. बदल तोच, पण क्रम बदलल्याने तो परवडतो. घरात दुसरी कमाई असेल तर ती महिन्याच्या खर्चातून वजा करा. विमा, आजारपण आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च मात्र त्यात धरा. हे आकडे बहुतेक वेळा विसरले जातात.

या हिशोबासोबत चाचपणी चालू ठेवा: बारा आठवडे, आठवड्यातून सहा ते आठ तास, नव्या क्षेत्रातलं खरं काम, शक्य झालं तर कोणाकडून मोबदला घेऊन. नुसते व्हिडिओ पाहणं यात धरू नका. कोणासाठी तरी मुदतीत काम पूर्ण करून दिल्यावरच त्या कामाचा कंटाळवाणा भागही कळतो. सुरू करण्याआधीच थांबायची अट लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'बारा आठवड्यांत दोन जणांनी पैसे देऊन काम दिलं नाही तर बेत बदलेन.' नंतर मन गुंतलं की अशी अट घालवत नाही.

खंडानंतर परतताना

मूल, आजारपण, वडीलधाऱ्यांची देखभाल, कारण काहीही असो, बायोडेटात खंड लपवू नका. तारखा दिसतातच, आणि लपवलेला खंड उघड्या खंडापेक्षा जास्त प्रश्न निर्माण करतो. एक ओळ पुरते: '२०१९ ते २०२३, कुटुंबाची पूर्णवेळ जबाबदारी; आता पूर्णवेळ उपलब्ध.' मुलाखतीतही दोन वाक्यांत उत्तर देऊन कामाकडे वळा. लांबलचक खुलाशातून अपराधीपणा दिसतो, आणि अपराधी वाटून घेण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही.

परतीसाठी साधारण सहा महिने धरा. पहिल्या दोन महिन्यांत वर सांगितलेला २० जाहिरातींचा तक्ता बनवून दरम्यान काय बदललं ते ओळखा, आणि सगळं नव्याने शिकण्याऐवजी फक्त तेवढंच भरून काढा. पुढचे दोन महिने एखादं लहान, तारीख असलेलं काम करा, म्हणजे बायोडेटात सगळ्यांत वर ताजी नोंद येते. मग अर्ज सुरू. यासोबतच घरचं काम कोण उचलणार ते आधी ठरवून, नोकरी लागण्यापूर्वीच दोन आठवडे तसं जगून पाहा. अनेक परती कौशल्याअभावी मोडत नाहीत. दुपारी तीनला मुलाला कोण आणणार याचं उत्तर नसल्याने मोडतात.

निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे

पन्नाशीनंतर बायोडेटात शेवटची दहा-पंधरा वर्षंच सविस्तर लिहा. त्याआधीचं दोन ओळींत. काम अचानक थांबवण्यापेक्षा शेवटच्या दोन वर्षांत आठवड्याचे दिवस कमी करत न्यायची सोय आहे का, हे संस्थेत विचारून पाहा. सल्लागार म्हणून परत बोलावतील अशी आशा असेल तर निरोपानंतर थांबू नका. काम काय, महिन्याला किती तास आणि मोबदला किती, हे पदावर असतानाच लेखी ठरवून घ्या, कारण तुम्हाला ओळखणारे लोकही पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथून हलतात.

आणि पगारासोबत दिवसाची आखणीही जाते, तिचाही विचार आधीच करायला हवा. निवृत्तीच्या वर्षभर आधी सलग दोन आठवड्यांची रजा घ्या, प्रवासाला जाऊ नका, आणि निवृत्तीनंतर जसं राहायचं ठरवलंय तसंच घरी राहा: तेच शिकवणं, तीच बाग, तेच सामाजिक काम. दुसऱ्या आठवड्यात कोणत्या वारी काय करायचं हे सुचेनासं झालं, तर त्या वारांसाठी कोणत्या संस्थेत, कोणाबरोबर आणि किती तास काम करायचं हे ठरवायला अजून वर्ष हातात असतं.